‘बायबल खरं कशावरून?’ : मराठी ख्रिस्ती तरुणांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं शाळेत असतात तोवर संडे स्कूलवर भागतं. कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला गेली, हॉस्टेलवर राहू लागली की फोन सुरू होतात: ‘सर, रूममेट असं म्हणतो, खरं आहे का?’ त्या फोनांमधले आणि बायबल वर्गातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, कुठल्या पंथाची अधिकृत भूमिका म्हणून ती वाचू नयेत. माझा हट्ट एकच आहे. बायबल जेवढं म्हणतं तेवढंच आपण म्हणायचं आणि पुरावा जिथवर पोचतो त्यापुढे तो ताणायचा नाही. आपल्यातल्या पुष्कळांची फजिती आक्षेपांमुळे कमी आणि आपणच ठोकलेल्या अतिरेकी दाव्यांमुळे जास्त होते.

‘बायबल शेकडो वेळा बदललं गेलंय, आज हातात आहे ते मूळ नव्हेच’ असं ऑफिसात ऐकवतात. काय सांगायचं?

हा आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कानगोष्टींचा खेळ असतो. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, शेवटच्याने भलतंच ऐकलं. हस्तलिखितं अशी एका रांगेत चालत नाहीत. एका पोथीच्या चार नकला होतात, त्या चार गावांना जातात, तिथे त्यांच्या आणखी नकला होतात. इजिप्तमधल्या लेखनिकाने गाळलेली ओळ सीरियातल्या पोथीत शाबूत असते, म्हणून चूक पकडता येते. नव्या कराराची नुसती ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक नोंदली गेली आहेत. त्यातली पुष्कळशी उशिराची आणि बरीच अर्धवट आहेत, हेही सांगून टाका.

जुन्या कराराचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९४७ पर्यंत हिब्रू जुन्या कराराच्या ज्या मोठ्या पोथ्या हाताशी होत्या त्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या. संपूर्ण जुना करार असलेली लेनिनग्राड पोथी साधारण १००८ सालची. मग मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची गुंडाळी सव्वासात मीटरहून लांब आहे, तिच्यात सर्व ६६ अध्याय आहेत आणि ती ख्रिस्तापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. म्हणजे एका झटक्यात हजार वर्षं मागे जाऊन ताडून पाहता आलं. फरक भरपूर निघाले, पण बहुतेक शुद्धलेखनाचे आणि व्याकरणाचे. ५३ व्या अध्यायात, दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयीच्या ११ व्या ओवीत, या गुंडाळीत ‘प्रकाश’ हा शब्द आहे. मध्ययुगातल्या हिब्रू पोथ्यांत तो नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र तो होताच. फरक हा असा असतो.

आता दुसरी बाजू. त्याच गुहांत यिर्मयाच्या पुस्तकाचे तुकडे मिळाले, त्यातला एक छोट्या आवृत्तीचा आहे. ग्रीक भाषांतरातलं यिर्मयाही हिब्रूपेक्षा साधारण एक अष्टमांशाने लहान आहे. म्हणजे त्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रचलित होत्या. ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ असं व्यासपीठावरून ठणकावणारे वक्ते कुमरानचं नाव घेतात, पण यिर्मयाबद्दल बोलत नाहीत.

मँचेस्टरच्या ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा एक पपायरसचा तुकडा आहे, सुमारे नऊ सेंटिमीटर उंच आणि सहा रुंद, एटीएम कार्डाएवढा. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यावर रोमी सुभेदार पिलातासमोर झालेल्या येशूच्या चौकशीच्या तुटक ओळी आहेत. अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकातला मानतात. नेमकं साल अक्षरांवरून ठरत नाही, तेव्हा कुणी ‘इसवी सन १२५’ असं छातीठोकपणे लिहिलं असेल तर तिथे ‘सुमारे’ वाचावं.

पण मग पाठभेद आहेत हे कबूल करायचं?

अर्थातच. छापील बायबलातच ते कबूल केलेलं असतं, आपण तळटीप वाचत नाही. मार्क १६:९–२० हा भाग सर्वांत जुन्या दोन मोठ्या पोथ्यांत नाही. योहान ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, जुन्या पोथ्यांत त्या जागी नाही; काही पोथ्यांत तर ती लूकात जाऊन बसली आहे. १ योहान ५:७ मधलं पिता, शब्द आणि पवित्र आत्मा यांचं वाक्य जुन्या ग्रीक पोथ्यांत नाहीच. ते लॅटिन परंपरेतून आत आलं. त्रैक्याचा (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सिद्धांत त्या एका वाक्यावर टेकवून ठेवला असेल तर तो आजच दुसरीकडे हलवा. आधारासाठी इतर वचनं आहेत.

मराठी माणसाला यात दचकण्यासारखं काही नसावं. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांत भेसळ झाली होती म्हणूनच. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं विद्वानांनी १,२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे महाभारत खोटं ठरलं असं कुणी म्हटलं नाही. नव्या कराराचं संपादन याच शास्त्राने होतं. पाठभेदांची यादी लपवणारा ग्रंथ आणि ती पानाखाली छापणारा ग्रंथ यात मी कुणावर जास्त भरवसा ठेवीन, हे सांगायला नको.

कोणती पुस्तकं ठेवायची हे सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसियात ठरवलं ना?

नाही. ३२५ सालच्या नायसिया परिषदेत वाद होता तो ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी. पुस्तकांची यादी तिथे ठरली हा समज कादंबऱ्या-सिनेमांनी पसरवला. १८० च्या सुमारास बिशप आयरेनियस चार, आणि चारच, शुभवर्तमानांबद्दल लिहितो; तेव्हा कॉन्स्टंटाईन जन्मालाही यायचा होता. आज आहेत त्याच २७ पुस्तकांची यादी ३६७ साली बिशप अथनेशियसच्या पत्रात मिळते. मधल्या काळात इब्री लोकांस पत्र, २ पेत्र, प्रकटीकरण अशा काही पुस्तकांवर खरोखरच वाद झाले. जुन्या कराराच्या बाबतीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात आजही फरक आहे, म्हणून कॅथलिकांचं बायबल ७३ पुस्तकांचं आणि आपलं प्रॉटेस्टंटांचं ६६ चं.

उत्खननांनी बायबल सिद्ध झालंय असे मेसेज येतात. फॉरवर्ड करू का?

थांबा. लाल समुद्रातली रथाची चाकं, अरारात पर्वतावरचं नोहाचं तारू, ‘नासाला सापडलेला हरवलेला दिवस’ ही सगळी बिनबुडाची प्रकरणं आहेत. मोठ्या संस्थाही फसतात. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाकडचे मृत समुद्र गुंडाळ्यांचे सोळाच्या सोळा तुकडे आधुनिक बनावट असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. ते त्या संग्रहालयानेच तपासून घेतले आणि निकाल छापला, याचं मला कौतुक वाटतं.

खरं सापडलंय तेही काही कमी नाही. माझं सर्वांत आवडतं प्रकरण हिज्कीया राजाचं. २ राजे २०:२० मध्ये एका ओळीत येतं की त्याने तळं आणि नळ करून शहरात पाणी आणलं. यरुशलेमात खडकातून वळणं घेत गेलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा तो बोगदा आजही आहे, गुडघाभर पाण्यातून त्यात चालता येतं. १८८० मध्ये पाण्यात खेळणाऱ्या एका पोराला तिथल्या भिंतीवर अक्षरं दिसली. जुन्या हिब्रूतला तो लेख राजाचं नावही घेत नाही. तो बोलतो कामगारांबद्दल: दोन टोळ्या दोन टोकांकडून खणत होत्या, तीन हात खडक उरला असताना पलीकडच्यांच्या हाका ऐकू आल्या, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं. हा दगड सध्या इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

त्याच हिज्कीयावर ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. सन्हेरीबने आपल्या बाजूची हकिगत मातीच्या षट्कोनी खांबांवर कोरून ठेवली: हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं. पुढे ‘शहर घेतलं’ असं वाक्य यायला हवं, ते येत नाही. बायबलही म्हणतं की शहर पडलं नाही. खंडणीचं सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (त्या काळचं वजनाचं माप). चांदी बायबलात ३००, सन्हेरीबकडे ८००. दोन शत्रूंच्या दफ्तरांत इतकं जुळणं आणि इतकंच न जुळणं, मला तर हे अगदी ओळखीचं वाटतं. मराठी आणि फारसी कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना विचारा.

याखेरीज: तेल दान येथे १९९३ मध्ये मिळालेल्या अरामी शिलालेखात ‘दाविदाचं घराणं’ आहे. कैसरीयाच्या नाट्यगृहात १९६१ मध्ये पिलाताच्या नावाचा दगड मिळाला, पायरीसाठी पुन्हा वापरलेला. प्रेषितांची कृत्ये १८:१२ मधल्या गल्लियो सुभेदाराचा उल्लेख डेल्फीच्या लेखात आहे, त्यावरून प्रेषित पौलाचा करिंथमधला मुक्काम इसवी सन ५१-५२ च्या आसपास बसवता येतो. इराणच्या कोरेश राजाचा मातीचा दंडगोल तर २०१३-१४ मध्ये मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आला होता. तो पाहून आलेले काही जण ‘एज्रा १ सिद्ध झालं’ म्हणत होते. त्या दंडगोलावर यहूद्यांचं नाव नाही. बाबेलने आणलेल्या देवमूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवण्याचं त्याचं धोरण त्यावर आहे, आणि कोरेशाने यहूद्यांना मायदेशी परत जाऊ दिलं ही एज्रातली हकिगत त्या धोरणाशी जुळते. म्हणायचं ते एवढंच.

कुदळीने राजे, शहरं, पदव्या, सनावळ्या कळतात. देवाने हिज्कीयाची प्रार्थना ऐकली की नाही हे कुठल्याच थरात सापडणार नाही.

आणि जिथे पुरावा साथ देत नाही तिथे?

तिथे तसं सांगायचं. यहोशवाच्या वेळी ज्याचा तट कोसळला असं बायबल सांगतं त्या यरीहो इथे कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं आणि शहराचा मोठा नाश ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास ठरवला. यहोशवाचा म्हणून जो काळ बहुतेक अभ्यासक धरतात त्या काळातला कोसळलेला तट त्यांना मिळाला नाही. मिसरमधून निघालेले सहा लाख पुरुष आणि त्यांची कुटुंबं चाळीस वर्षं सीनायच्या रानात राहिल्याच्या खुणाही मिळालेल्या नाहीत. इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या, सुमारे ख्रिस्तपूर्व १२०८ च्या शिलालेखात ‘इस्राएल’ नावाचा लोकसमूह कनानात आहे, म्हणजे तोवर ते तिथे पोचले होते. निर्गमनाची हकिगत मुळात घडलेल्या सुटकेची आहे असं मी मानतो. तिथल्या आकड्यांसाठी मी भांडत नाही.

लूक २:२ मधली क्विरीनियाच्या वेळची नावनिशी (शिरगणती) हा नव्या करारातला सर्वांत अवघड ऐतिहासिक पेच आहे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसीफस याच्या मते क्विरीनिय सूरियाचा सुभेदार झाला इसवी सन ६ मध्ये. येशू ज्याच्या राज्यात जन्मला असं सांगितलं जातं तो हेरोद राजा तर ख्रिस्तपूर्व ४ मध्येच वारला असं बहुतेक मानतात. ‘याआधीची नावनिशी’ असं वाचा, क्विरीनियाची आधीची एखादी नेमणूक धरा, असे तोडगे सुचवले गेलेत. मला त्यातला एकही पूर्ण पटलेला नाही. दुसरीकडे हाच लूक थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांना जी स्थानिक पदवी देतो तीच तिथल्या शिलालेखांत मिळते. लेखक एकंदरीत काळजीपूर्वक आहे. एका ठिकाणी गाठ सुटत नाही.

येशू नावाचा माणूस झाला तरी का?

झाला. यावर नास्तिक इतिहासकारांचंही जवळपास एकमत आहे. टॅसिटस हा रोमी इतिहासकार ११६ च्या सुमारास सम्राट तिबेर्याच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचं लिहितो, आणि लिहितो ते ख्रिस्ती लोकांबद्दल मनापासून तिरस्कार बाळगून. जोसीफस ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ याच्या वधाची नोंद करतो. जोसीफसचा दुसरा, मोठा उतारा आपले लोक हौसेने वाचून दाखवतात; त्यात पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, तेव्हा तो जपून वापरा.

येशू काश्मीरला आला होता, तिथेच त्याची कबर आहे म्हणतात…

हा प्रश्न आपल्याकडे इतका येतो की चहाच्या टपरीवरही उत्तर तयार ठेवावं. यात दोन कथांची सरमिसळ आहे. पहिली निकोलस नोटोव्हिच या रशियन प्रवाशाची. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या तारुण्याची पोथी आपल्याला वाचून दाखवली गेली असं त्याने १८९४ मध्ये छापलं. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस मठात जाऊन आले. मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी नाही असं साफ सांगितलं. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर यानेही या दाव्याची चिरफाड केली, आणि मॅक्स म्युलर काही मिशनऱ्यांचा वकील नव्हता. दुसरी कथा श्रीनगरच्या रोजाबल दर्ग्याची. ती कबर येशूची असल्याचं १८९९ च्या सुमारास अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं. म्हणजे पहिल्या शतकातल्या घटनेसाठी पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. शुभवर्तमानांना ‘तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेली’ म्हणून हसणारा मित्र हीच कथा सांगत असेल तर दोन्ही अंतरं त्याला मोजायला लावा.

चार शुभवर्तमानांत एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांचं काय?

आहेत. यहूदा इस्कार्योताने मत्तयात गळफास घेतला, कृत्यांत तो पालथा पडून फुटला. दोर तुटला आणि मग पडला असं सांगून काहीजण मोकळे होतात. असेलही, पण मजकुरात दोर तुटलेला नाही. कबरेपाशी मार्कात तीन स्त्रिया, योहानात एकटी मग्दालीया मरीया. मात्र योहानातलीच मरीया धावत येऊन सांगते की त्याला कुठे ठेवलं ‘आम्हांला’ ठाऊक नाही. ती एकटी नव्हती, लेखकाने कॅमेरा तिच्यावर धरला आहे. न जुळणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच अशा जातीच्या निघतात, काही निघत नाहीत. चौघांनी बसून संगनमत केलं असतं तर पहिल्यांदा याच जागा दुरुस्त झाल्या असत्या.

पुनरुत्थान म्हणजे भाबडी श्रद्धाच ना?

प्रयोगशाळेत सिद्ध होण्यासारखी ही गोष्ट नाही. पण ‘शंभर वर्षांनी रचलेली दंतकथा’ हेही टिकत नाही. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो ‘मला जे सांगण्यात आले तेच मी तुम्हांला सांगितले’ अशा अर्थाने सुरुवात करून नावं घेतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असंही म्हणतो, म्हणजे जाऊन विचारा. गलतीकरांस पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. याच येशूच्या भावांनी तो हयात असताना त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता (योहान ७:५). पुढे याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि ६२ साली मारला गेला. मधे काहीतरी घडलं.

शिवाय पहिल्या साक्षीदार स्त्रिया. त्या काळात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. खुद्द शिष्यांनी त्यांचं बोलणं उडवून लावलं हे लूक लिहून ठेवतो. गोष्ट रचायचीच तर कुणी अशी कशाला रचेल? तरीही यावरून पुढची उडी विश्वासाचीच असते, ती कुणाला पटवून देता येत नाही.

सहा दिवसांत सृष्टी, की उत्क्रांती?

यावर आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत, तेव्हा मी माझं मत सांगतो. उत्पत्ति १ मध्ये सूर्य चौथ्या दिवशी येतो. पहिले तीन दिवस कशावर मोजले, हा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी पडायलाच हवा. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताला तो पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच पडला होता आणि ते नेहमीचे चोवीस तासांचे दिवस नव्हेत असं त्याने डार्विनच्या कितीतरी आधी म्हटलं. त्याने आणखी एक बजावलं: निसर्गाविषयी ख्रिस्ती माणूस अडाण्यासारखं बोलू लागला की ऐकणारा पवित्र शास्त्रालाच हसतो. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला आरंभबिंदू आहे ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात पोराने उत्क्रांतीचं उत्तर नीट लिहावं, त्याने विश्वास बुडत नाही.

चंगाई सभांमधले चमत्कार दाखवून बायबल खरं ठरवता येईल का?

कृपा करून असं करू नका. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षं बुवाबाजीविरुद्ध रान उठवलं, २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. या वातावरणात वाढलेला मुलगा स्टेजवर फेकलेली कुबडी पाहून प्रभावित होत नाही, तो विचारतो की आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट कुठे आहे. विचारूच दे. देव बरं करतो असं मी मानतो आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो. पण इन्शुलिन किंवा टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगणारा कुठलाही सेवक शास्त्राच्या विरुद्ध जातो. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाकडे काय प्रार्थना कमी होती?

कनानी लोकांची कत्तल करायला सांगणारा देव खरा कसा मानायचा?

सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत जड जातो. ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २०:१६ हे वचन वाचून ज्याला काहीच होत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

जे सांगता येईल ते सांगतो. यहोशवाच्या पुस्तकात ‘कोणी जिवंत राहू दिला नाही’ असं येतं आणि लगेच शास्त्यांच्या पहिल्या अध्यायात तेच कनानी जागोजागी राहताना दिसतात. त्या काळी युद्धवृत्तांत असेच लिहीत. वर उल्लेखिलेला मेर्नेप्ताह म्हणतो, इस्राएलाचं बीजही उरलं नाही. तरी इस्राएल पुढे राहिलंच. म्हणजे ‘सर्व’ हा शब्द रणभाषेतला असावा. हेही खरं की तोच देव पुढे आमोस-यिर्मया या संदेष्ट्यांच्या तोंडून खुद्द इस्राएलाला तीच शिक्षा फर्मावतो, आपला म्हणून सोडत नाही. एवढ्याने प्रश्न सुटतो का? माझ्यापुरता निम्मा. उरलेला निम्मा मी शत्रूंवर प्रीती करायला सांगून वधस्तंभावर गेलेल्या येशूकडे पाहत तसाच धरून आहे. समोरच्याला हे अपुरं वाटलं तर त्याला दोष देऊ नका.

गुलामगिरीचंही असंच. बायबलाचा आधार गुलामांच्या मालकांनी घेतला, हे नाकारू नका. पण वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला एक काटछाट केलेलं बायबल छापलं गेलं. त्यातून मिसरमधून सुटकेची गोष्टच काढून टाकली होती. त्या पुस्तकाची भीती कुणाला होती, ते यावरून दिसतं.

गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल कुणी सुनावलं तर?

ऐकून घ्या. १५६० मध्ये सुरू झालेलं पोर्तुगीजांचं ते धर्म-न्यायासन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, आणि त्याने हिंदूंवर, धर्मांतरित यहूद्यांवर आणि नव्या ख्रिस्त्यांवरही जुलूम केला. ‘ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट’ असं म्हणून हात झटकणं तर अगदीच शोभत नाही. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीची थोरवी गाणारं; तीही गोष्ट खरी आहे, पण ती पहिलीचं उत्तर म्हणून पुढे करू नये.

‘तुमचे पणजोबा दुष्काळात धान्यासाठी बाटले, सत्याच्या गोष्टी कसल्या करता?’

नगर जिल्ह्यातल्या घरांना हे नवं नाही. १८७६-७८ चा आणि १८९६ ते १९०० मधले दुष्काळ भयंकर होते, मिशनच्या कामावर आणि अन्नावर कुटुंबं जगली, आणि त्यातली काही मंडळीत आली. यात लाज कसली? उपाशी माणूस भाकर देणाऱ्याकडे जातो. पण मग तो तिथे राहिला का, शिकला का, पिढ्यान्‌पिढ्या तेच पुस्तक उशाशी का ठेवलं, याचं उत्तर धान्याच्या पोत्यात मिळत नाही. ज्यांना अक्षराला शिवू दिलं जात नव्हतं त्यांच्या हातात कुणीतरी एक ग्रंथ दिला आणि वाच म्हणाला. आणि खरं सांगायचं तर पणजोबा कशासाठीही आलेले असोत, पिलात होता की नव्हता हे त्यावर ठरत नाही.

मलाच शंका येतात. पाळकांना सांगू की नको?

सांगा. पाळकांनी दटावलं तर दुसऱ्या कुणाला सांगा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला आणि त्यानंतरच त्यांचे खरे वाद सुरू झाले. त्रैक्य, चर्चचा अधिकार, बिशपांचं म्हणणं मानायचं की नाही, यावर आपल्याच धर्मभगिनींशी त्यांनी लांबलचक, तिखट पत्रव्यवहार केला. कुणी सांगितलं म्हणून मानणार नाही, शास्त्रात पाहीन आणि मग ठरवीन, हा त्यांचा बाणा होता. त्याच बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून मरेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद सुरू झाला तर?

नातेवाइकांच्या ग्रुपवर उत्तर देऊ नका, ज्याने विचारलं त्याला फोन करा. ग्रुपवर माणूस प्रेक्षकांसाठी बोलतो. पेत्र उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो आणि त्याच दमात सौम्यतेने द्या म्हणतो (१ पेत्र ३:१५). दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. काका-मामांशी तर मुळीच हुज्जत नको, त्यांना जेवायला बोलवा. दुसऱ्याच्या देवदेवतांची टिंगल करून आपलं पुस्तक खरं ठरत नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्याला जाहीर वाद रंगत, गर्दी लोटे. दोन्ही बाजू शेवटी आपणच जिंकलो म्हणून घरी गेल्या.

मित्राला वाचायला काय देऊ?

मार्काचं शुभवर्तमान. सोळा अध्याय, दीड-दोन तासांत होतं. सोबत तुमच्या टिपा नकोत. उत्पत्तीपासून सुरुवात केलेले बहुतेक जण लेवीयात अडकतात आणि बायबल मिटून ठेवतात. मित्र वादाचा शौकीन असेल, देवावर रागावलेला असेल, तर ईयोब द्या. त्यात देवाला जाब विचारणारा माणूस आहे, आणि देवाची बाजू घेऊन भांडणाऱ्या मित्रांनाच शेवटी देव फटकारतो.